बिनइंजिनाची शर्यत

गावाच्या वेशीजवळ एखादा चांगला उतार असला, की तेथील मुलांना खेळ शिकवावा लागत नाही. सायकलचे जुने टायर काठीने हाकीत ती उतारावरून धावत सुटतात. त्यांतील एखादा धडपड्या मुलगा गॅरेजमधून निकामी बेअरिंगे मागून आणतो, त्यांवर एक फळी बसवितो, पुढच्या आडव्या दांडक्याला दोरी बांधतो, आणि गाडी तयार होते! तिला बैल नको, इंजिन नको आणि पेट्रोलही नको. वरून थोडे ढकलले, की ती खडखडत खाली येते. या खेळात गुडघे फुटतात, घरी बोलणीही खावी लागतात. तरीसुद्धा दुसऱ्या दिवशी सारी मंडळी त्याच उतारावर पुन्हा हजर असतात.

अशाच एका उतारावर, आपल्या देशापासून हजारो मैल दूर, एका प्रसिद्ध शर्यतीचा जन्म झाला. तिची हकीकत मोठी मनोरंजक आहे. तितकीच ती विचार करायला लावणारीही आहे.

१९३३ सालची ही गोष्ट. त्या काळी अमेरिकेत व्यापारात भयंकर मंदी आली होती. कारखाने बंद पडले होते आणि लक्षावधी माणसे बेकार झाली होती. मुलांना विकतची खेळणी कोठून मिळणार? ओहायो राज्यातील डेटन शहरात मायरन स्कॉट नावाचा एक वृत्तपत्र-छायाचित्रकार होता. एके दिवशी एका उताराच्या रस्त्यावर त्याला तीन मुले दिसली. घरी तयार केलेल्या, इंजिन नसलेल्या गाड्यांत बसून ती शर्यत खेळत होती. स्कॉटला ते दृश्य फार आवडले. तो त्यांना म्हणाला, "पुढच्या आठवड्यात तुमच्या मित्रांनाही घेऊन या. आपण खरी शर्यत लावू आणि जिंकणाऱ्याला बक्षीस देऊ."

ठरल्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात १९ मुले आपापल्या गाड्या घेऊन आली. स्कॉटचा उत्साह वाढला. त्याने आपल्या वृत्तपत्राच्या साहाय्याने सर्व शहरासाठी शर्यत जाहीर केली. १९ ऑगस्ट १९३३ रोजी ती भरली, तेव्हा ३६२ मुले गाड्या घेऊन उतरली आणि सुमारे ४० हजार लोक पाहण्यासाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीने उभे राहिले! त्या गाड्या तरी कशा होत्या? कोणी संत्र्यांच्या खोक्यांच्या फळ्या वापरल्या होत्या, कोणी पत्र्याचे तुकडे ठोकले होते, तर कोणी लहान बाळाच्या गाडीची चाके काढून आणली होती. त्या काळी साबणाच्या वड्या लाकडी खोक्यांतून दुकानांत येत. रिकामी खोकी मुलांना सहज मिळत आणि त्यांच्याच गाड्या होत. म्हणून या शर्यतीला 'सोप बॉक्स डर्बी', म्हणजे साबणाच्या खोक्यांची शर्यत, असे नाव पडले.

पुढच्याच वर्षी, १९३४ साली, निरनिराळ्या शहरांतील विजेत्या मुलांची देशव्यापी शर्यत डेटन येथे झाली. १९३५ साली ती त्याच राज्यातील ॲक्रन शहरी नेण्यात आली, कारण तेथील भूमी अधिक चढउतारांची होती. १९३६ साली तेथे या शर्यतीसाठी 'डर्बी डाउन्स' नावाचा खास उताराचा मार्ग बांधण्यात आला. महायुद्धामुळे १९४२ ते १९४५ या काळात शर्यत बंद राहिली. युद्ध संपल्यावर पुन्हा सुरू झाली. आजही उन्हाळ्यात देशोदेशीची मुले आपल्या गाड्या घेऊन त्या उतारावर जमतात. मार्गाची लांबी सुमारे ३०० मीटर. प्रारंभी उतार तीव्र, पुढे तो सौम्य होत जातो. सारा खेळ जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. पण त्या अर्ध्या मिनिटासाठी मुलाने कित्येक महिने खपलेले असते.

शर्यतीचे नियम साधे होते. गाडीला इंजिन असता कामा नये. गाडी मुलाने स्वतः तयार करावी. मोठ्या माणसांनी सल्ला द्यावा, पण हत्यार मुलाच्याच हाती असावे. खर्चाला मर्यादा होती. पुढे सर्वांनी एकाच प्रकारची चाके वापरावीत असेही ठरले. गाडी आणि तिच्यात बसणारा मूल यांचे मिळून वजन २५० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ११३ किलोपेक्षा, अधिक नसावे, असा नियम अनेक वर्षे होता.

आता एक प्रश्न आपल्या मनात येईल. सर्वांचा उतार एकच, सर्वांची चाके सारखी, आणि गाडी ओढणारी शक्ती तरी कोणती? पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण! ते तर सर्वांना सारखेच लाभते. मग एक गाडी दुसरीच्या पुढे जाते ती कशामुळे?

या प्रश्नाचे उत्तर असे आहे. उताराच्या माथ्यावर उभ्या असलेल्या गाडीला तिच्या उंचीमुळे काही शक्ती मिळालेली असते. ती जणू तिची शिदोरी होय. वाटेत ही शिदोरी कोणी वाढवून देणार नाही. उलट, ती लुटणारे तीन चोर वाटेत टपलेले असतात. चाक ज्या आसावर फिरते तेथील घर्षण हा पहिला चोर. चाक आणि जमीन यांच्यामधील रोध हा दुसरा. तिसरा चोर मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे हवा. जो मुलगा या तिघांना कमीत कमी लुटू देतो, त्याची गाडी पुढे जाते.

हवेचा रोध किती असतो हे पाहायचे असेल, तर एक मोठा पुठ्ठा छातीसमोर धरून मैदानात जोराने धावून पाहावे. कोणीतरी मागे लोटीत आहे असे वाटेल. मग तोच पुठ्ठा आडवा, जमिनीला समांतर धरून धावावे. आता तो हवा कापीत जाईल आणि रोध जवळजवळ जाणवणार नाही. पुठ्ठा तोच, वजन तेच. फरक पडला तो हवेसमोर येणाऱ्या पृष्ठभागात. हवेची आणखी एक खोड ध्यानात ठेवली पाहिजे. वेग दुप्पट झाला की तिचा रोध दुप्पट होत नाही, तो चौपट होतो. वेग तिप्पट झाला की तो नऊपट होतो. डर्बीच्या गाड्या शेवटी ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने धावतात. अशा वेळी हवा हाच मुख्य शत्रू ठरतो.

समजा, आपल्यालाच अशी गाडी तयार करावयाची आहे. आपण कोठून आरंभ करू?

प्रथम हाती कागद व पेन्सिल घ्यावी. गाडी समोरून जितकी लहान दिसेल तितकी बरी. ताठ बसलेला मुलगा हवेला पुष्कळ अडवितो. म्हणून तो अगदी वाकून किंवा पाठीवर पडून बसू शकेल, अशी बैठक आखावी. जुन्या डर्बीतील मुले गाडीत ताठ बसत. पुढे मुलांनी निजून चालविण्याच्या गाड्या काढल्या, त्या याच कारणामुळे.

नंतर आकाराचा विचार करावा. पुष्कळांना वाटते, की गाडीचे नाक सुईसारखे अणकुचीदार केले म्हणजे काम झाले. परंतु मासळीकडे पाहावे. तिचे डोके गोलसर असते आणि अंग शेपटीकडे हळूहळू निमुळते होत जाते. पाणी तिच्या डोक्याशी दुभंगते, अंगाला लागून सुरळीत वाहते आणि शेपटीमागे पुन्हा एकत्र येते. मागची बाजू एकदम तोडल्यासारखी असेल, तर प्रवाह तेथे विस्कटतो, भोवरे उठतात आणि ते वस्तूला मागे खेचतात. हवेचेही तसेच आहे. म्हणून गाडीचे नाक जितक्या काळजीने करावयाचे, तितक्याच काळजीने शेपूटही करावी लागते. बाहेर आलेले खिळे, फळ्यांचे सांधे, खडबडीत रंग ही सारी हवेला अडकविणारी ठिकाणे होत. ती घासूनपुसून गुळगुळीत करावी लागतात.

आता वजनाचा प्रश्न. येथे एक गंमत आहे. गाडी अगदी हलकी केली, तर ती वेगाने जाईल असे कोणासही वाटेल. सपाट रस्त्यावर पायडल मारून चालवावयाच्या किंवा इंजिनाच्या गाडीला हलकेपणा खरोखर उपकारक असतो; कारण जितके वजन कमी, तितका तिला वेग देण्यास जोर कमी लागतो. परंतु उतारावर गाडीला ओढते ते तिचे वजनच. हवा नसती, तर हलकी व जड गाडी बरोबरच खाली आली असती. पण हवेचा रोध गाडीच्या आकारावर व वेगावर अवलंबून असतो, वजनावर नव्हे. सारख्याच आकाराच्या दोन गाड्यांपैकी जड गाडीला तो कमी बाधतो. म्हणून वजनाची मर्यादा घालावी लागली.

असे असूनही चतुर मुले गाडीचा सांगाडा आणि कवच शक्य तितके हलके करीत. ते का? सांगाडा हलका झाला, म्हणजे मर्यादेपर्यंतचे उरलेले वजन आपल्याला हवे तेथे ठेवता येते. ते तळाशी ठेवले तर गाडी स्थिर राहते, उलटत नाही. काहीसे मागे ठेवले तर प्रारंभीच्या तीव्र उतारावर ते अधिक उंचीवर राहते आणि शिदोरी किंचित वाढते. चाकांच्या बाबतीत मात्र हलकेपणाच उत्तम. चाकाला पुढे न्यावे लागते आणि फिरवावेही लागते. त्याची कड जड असेल, तर ते फिरविण्यातच बरीच शक्ती खर्ची पडते. म्हणजे कोणती वस्तू कोठे हलकी असावी आणि कोठे जड असावी, हे कळणे महत्त्वाचे.

हलकेपणाच्या नादात गाडी कच्ची राहता कामा नये. तळाची फळी मजबूत हवी. ती वाकली तर आस तिरके होतात. पुढचा आणि मागचा आस एकमेकांना समांतर असलेच पाहिजेत. ते केसभर जरी चुकले, तरी चाके सरळ न फिरता घासत जातात आणि दुसऱ्या चोराचे चांगलेच फावते. वळविण्याच्या दोऱ्या किंवा तारा ताणून पक्क्या बांधाव्यात. ब्रेक तर प्रथम करावा व प्रथम तपासावा. ज्याला थांबता येत नाही, त्याने धावू नये. आणि असा प्रयोग रहदारीच्या रस्त्यावर कधीही करू नये. मोकळे मैदान, डोक्यावर शिरस्त्राण आणि जवळ मोठे माणूस, एवढे असलेच पाहिजे.

या शर्यतीच्या इतिहासात कल्पक मुलांच्या अनेक गोष्टी आहेत. १९३४ सालच्या विजेत्याने आपली गाडी एका जुन्या मद्यगृहातील मेजाच्या लाकडापासून तयार केली होती. १९४६ सालच्या विजेत्याची गोष्ट तर फारच मौजेची आहे. पेन्सिलीच्या शिशात जे ग्रॅफाइट असते, त्याची काळी पूड त्याने साऱ्या गाडीला फासली. एवढ्याने समाधान न होऊन त्याने ती स्वतःच्या चेहऱ्यालाही फासली! त्यामुळे हवा आपल्या अंगावरून घसरत जाईल, अशी त्याची समजूत होती. ग्रॅफाइट धातूवर धातू घासतो तेथे उपयोगी पडते, हे खरे. परंतु काळे तोंड पाहून हवा काही वाट सोडीत नाही. त्याच्या विजयाचे कारण चांगली गाडी व चांगले चालविणे यांतच शोधले पाहिजे. तरीही त्याच्या विचारात एक गुण होता. हवा हा आपला प्रतिस्पर्धी आहे, हे त्याने बरोबर ओळखले होते.

पण कल्पकतेला लबाडीची जोड मिळाली, तर काय होते? १९७३ साली ॲक्रनच्या उतारावर असा एक प्रसंग घडला, की त्याने ही शर्यत मुळापासून हादरली.

त्या वर्षी एका १४ वर्षांच्या मुलाने पहिला क्रमांक मिळविला. लोकांनी टाळ्या वाजविल्या. परंतु पंचांच्या मनात संशय होता. शर्यत सुरू होताना सर्व गाड्यांची नाके एका लोखंडी फळीला टेकलेली असतात. फळी पुढे पडली, की गाड्या सुटतात. या मुलाची गाडी सुटताना पुढे झेप घेते, असे चित्रफितीत दिसत होते. शिवाय प्रत्येक फेरीत तिचा वेळ थोडा थोडा वाढत गेला होता. म्हणजे कोणती तरी शक्ती कमी कमी होत होती. पंचांनी गाडीची क्ष-किरणांनी तपासणी केली, तेव्हा तिच्या नाकात विद्युत्‌चुंबक आणि आत विजेची बॅटरी आढळली! डोके मागच्या टेकूवर दाबले, की चुंबक सुरू होई. लोखंडी फळी पुढे पडू लागताच चुंबक तिला चिकटू पाही, आणि फळी गाडीला आपल्याबरोबर पुढे ओढून घेई. फेरीगणिक बॅटरी क्षीण होत गेली. म्हणून वेळही वाढत गेला.

विजयानंतर दोनच दिवसांनी त्या मुलाचे विजेतेपद काढून घेण्यात आले आणि ते दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाला देण्यात आले. या युक्तीमागे त्या मुलाचा काका होता. तो स्वतः अभियंता होता. इतर लोकही या शर्यतीत नियम मोडतात, असे त्याने आपल्या बाजूने सांगितले. मोठ्या माणसाने लहान मुलाच्या हाती अशी गाडी द्यावी आणि तिचे असे समर्थन करावे, याचे लोकांना अधिक दुःख झाले.

विचार केला तर दिसेल, की विद्युत्‌चुंबक बसविणे हीसुद्धा एक प्रकारची कुशलताच होती. मग ती निंद्य का ठरली? मुलाने निजून गाडी चालविली, शेपूट निमुळती केली, आस तासन्‌तास घासून गुळगुळीत केले, तेव्हा त्याने निसर्गाचे नियम समजून घेतले आणि त्यांचा उपयोग केला. ते नियम इतर सर्व मुलांनाही मोकळे होते. चुंबकवाल्या गाडीने मात्र शेजारच्या गाडीतील मुलाला फसविले. तो बिचारा आपण हरलो असे समजून खाली मान घालून घरी गेला असेल. हवेवर मात करणे ही विद्या. सोबत्याला फसविणे ही लबाडी. दोन्हींना बुद्धी लागते. पण पहिलीने माणूस मोठा होतो आणि दुसरीने लहान.

त्या प्रसंगामुळे शर्यत बंद पडते की काय, असे पुष्कळांना वाटले. पण ती टिकली. १९७१ सालापासून मुलींनाही तीत भाग घेण्याची परवानगी मिळाली होती. चुंबकाच्या प्रकरणानंतर दोनच वर्षांनी, १९७५ साली, पेनसिल्व्हेनिया राज्यातील ११ वर्षांच्या एका मुलीने विजेतेपद मिळविले. हे पद मिळविणारी ती पहिली मुलगी. तिच्या एका हाताला दुखापत झाली होती व हात प्लास्टरमध्ये होता. तशाही स्थितीत ती सर्वांच्या आधी तळाशी पोहोचली.

आज तेथील बहुतेक गाड्या ठरावीक भागांचे संच आणून जोडल्या जातात. साबणाची लाकडी खोकी तर केव्हाच नाहीशी झाली. तरी आस सरळ बसविणे, अंग चोरून निजणे, नजर मार्गावर स्थिर ठेवणे, ही कामे प्रत्येक मुलाला स्वतःच करावी लागतात. एकाच उतारावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या गाड्या तशाच फळीला नाके टेकून थांबतात. फळी पडते. त्यानंतर ढकलणारा कोणी नसतो. मुलाने महिनोन्‌महिने प्रामाणिकपणे जे काम केले असेल, तेवढेच त्याच्याबरोबर उतारावरून धावत असते.

स्वाध्याय

१. सोप बॉक्स डर्बी या शर्यतीला हे नाव का पडले?

२. गाडीची 'शिदोरी' कोणती? ती लुटणारे तीन चोर कोणते?

३. कारणे द्या: (अ) गाडीचे नाक व शेपूट दोन्ही काळजीने करावी लागतात. (आ) वजनाची मर्यादा असूनही मुले गाडीचे कवच हलके करीत. (इ) १९७३ साली पंचांना विजेत्या गाडीचा संशय आला.

४. 'हवेवर मात करणे ही विद्या. सोबत्याला फसविणे ही लबाडी.' हा विचार तुमच्या खेळांतील किंवा परीक्षेतील एखादे उदाहरण घेऊन आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

५. पुढील शब्दप्रयोगांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा: बोलणी खाणे, खपणे, फावणे, मात करणे.

६. उपक्रम: जाड पुठ्ठा, चार झाकणे आणि दोन सरळ काड्या घेऊन एक लहान गाडी तयार करा. एक फळी तिरकी ठेवून तिच्यावरून गाडी सोडा व ती किती दूर जाते ते मोजा. मग एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. कोणत्या बदलाने काय झाले, याची वहीत नोंद करा.